वेंडेलच्या जागेवर

क्लबचं हॉटेल, बाल्टिमोर
२४ जून १९७१

मि. वेंडेल स्ट्राउड यांस,

आपली ओळख नाही. मी गार्थ लिंडक्विस्ट, मिनेसोटाचा. तुमच्या कोपराचं ऑपरेशन ठरलं त्याच दिवशी क्लबने मला बेसबॉलच्या खालच्या लीगमधून वर बोलावलं. तुमच्या जागेवर चेंडू टाकायला आलेला राखीव पिचर तो मी.

सामान सांभाळणाऱ्या मॅकने मला तुमचं कपाट दिलं. त्यावर तुमच्या नावाची पट्टी होती. मी विचारलं, "ही काढायची का?" तो म्हणाला, "ते परत येणारेत. तुझं नाव खाली चिकटव, आणि डिंक जपून वापर." मी तसंच केलं. तुमच्या पट्टीला हात लावला नाही, एवढं तुम्हाला कळवावंसं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी तुम्ही बरे होऊन याल असं इथे सगळे म्हणतात. तुम्ही आलात की जागा एकच आणि माणसं दोन. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, सात वर्षं खालच्या लीगमध्ये काढली. आता खाली गेलो तर मला पुन्हा कुणी वर बोलावणार नाही. हे लपवून तुम्हाला पत्र लिहिणं बरं दिसलं नसतं.

आणि तरीही एक विचारतो. या लीगमधले बॅटर मला ठाऊक नाहीत. माझे चेंडू झेलणारा आपला कॅचर सॅल सांगतो की टेलफेअर तुमच्यापुढे कधी टिकत नाही. त्याला तुम्ही काय टाकता? एखाद्याच्या घरात शिरायचं आणि वर कॉफीही मागायची, असं हे झालंय, मला कळतं. उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

लवकर बरे व्हा. हे मनापासून लिहितो आहे.

आपला,
गार्थ लिंडक्विस्ट


हार्लन क्रीक, इलिनॉय
२ जुलै १९७१

प्रिय गार्थ,

तुझं पत्र वेंडेलने उघडलंच नाही. पाकिटामागचं नाव वाचलं आणि कचरा जाळायच्या पिंपात टाकलं. त्या दिवशी पिंप पेटवलं नव्हतं म्हणून मला ते मिळालं. कोपऱ्यावर टोमॅटोचा डाग पडलाय, बाकी सगळं नीट वाचता आलं.

मी त्याची बायको, अर्लीन. वेंडेल वाईट माणूस नाही. सध्या त्याचा हात गळ्यात बांधलेला आहे आणि दिवसभर तो खिडकीशी बसतो. मॅच लागली की उठून अंगणात जातो. १९६० मध्ये तो पहिल्यांदा वर आला, तेव्हा ज्या माणसाची जागा त्याला मिळाली होती त्याने जाता जाता वेंडेलच्या बुटांत मेलेला मासा ठेवला होता. ते बूट मी तीनदा धुतले. ज्याने मासा ठेवला त्याची बायको त्या दिवशी मैदानाच्या फाटकात माझ्या बाजूने गेली आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. आता तिच्या जागी मी आहे. तिच्यासारखं वागायचं नाही एवढंच मी ठरवलंय.

तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. अकरा वर्षं मी रेडिओ ऐकत त्याची प्रत्येक मॅच वहीत उतरवते, एकेका चेंडूसकट. इतर बायका विणकाम करतात, मी हे करते. टेलफेअर वेंडेलपुढे सव्वीस वेळा आला आणि दोनदाच त्याने मारलं, दोन्ही वेळा पहिल्याच चेंडूवर. पहिला चेंडू त्याला हातात देऊ नकोस. दोन चेंडू सोडावे लागले की तो चिडतो, आणि चिडला की जमिनीवरचं गाजरसुद्धा मारायला जातो.

वेंडेल परत गेला की तुला उतरावं लागेल, हे मला कळतं. तो परत जावा म्हणून मी रोज प्रार्थना करते. तुला हे पत्रही लिहिते आहे. दोन्ही एकाच हातून कसं होतं ते मला विचारू नकोस.

अर्लीन


क्लबचं हॉटेल, डेट्रॉइट
९ जुलै १९७१

प्रिय मिसेस स्ट्राउड,

टेलफेअर बाद झाला! पहिले दोन चेंडू बाहेर टाकले, तिसरा खाली. त्याने मारला तो सरळ दुसरा बेस सांभाळणाऱ्याच्या हातात. सॅल म्हणाला, "कुणी शिकवलं रे?" मी म्हटलं, "टोमॅटोने." तो माझ्याकडे बघतच राहिला.

आत्तापर्यंत चार मॅचमध्ये मला उतरवलंय. आम्ही राखीव पिचर मैदानाच्या कडेला जाळीमागे बाकावर बसतो, तुम्हाला माहीतच आहे. मॅनेजरचा फोन वाजला की सहाही जण आपापल्या बुटांकडे बघायला लागतात. ज्याचं नाव येतं तो उठतो आणि उरलेले पाच बोलायला लागतात. परवा माझं नाव आलं. कुंपणाच्या दारातून आत धावत जाताना गवत इतकं हिरवं होतं की मला वाटलं, मी यावर पाय देतोय हे कुणी बघितलं तर ओरडेल.

डेलोरिस, माझी बायको, बसने आली. सात वर्षं तिने लाकडी फळ्यांवर बसून मॅच बघितल्या. इथे तिला पाठीला टेकायची खुर्ची मिळाली. पूर्ण मॅचभर ती टेकलीच नाही. म्हणाली, "सवय नाही, झोप लागेल."

हे सगळं तुमच्यामुळे आहे असं नाही म्हणत, पण टेलफेअर तुमच्यामुळे. मि. स्ट्राउडना माझा नमस्कार सांगायचा की नाही, हे तुम्हीच ठरवा.

गार्थ


हार्लन क्रीक
१९ जुलै १९७१

प्रिय गार्थ,

मिसेस स्ट्राउड ही माझी सासू होती, आणि फार कडक होती. मला अर्लीन म्हण.

शनिवारी तुमची मॅच टीव्हीवर दाखवली. मी तुला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून, म्हणजे पत्रावरून, मला वाटला होतास त्यापेक्षा उंच आहेस, आणि कान मोठे आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, वेंडेलचेही आहेत.

तुला बघणं शेवटी कठीण झालं. पाच बॅटर, चार फटके. मी पेन्सिल खाली ठेवली.

वेंडेल एका हाताने गवत कापत होता. तू आलास तेव्हा यंत्राचा आवाज थांबला. मी मागे वळले नाही, पण तो जाळीच्या दाराबाहेर उभा आहे हे मला कळलं. तिसऱ्या फटक्याला तो म्हणाला, "अरे, हा तर आधीच सांगून टाकतोय त्यांना."

मी म्हटलं, "काय सांगतोय?"

"काही नाही."

"वेंडेल, काय सांगतोय?"

"तुझी कॉफी उतू जातेय." आणि परत गवताकडे गेला. कॉफी उतू जात नव्हती.

तू वळणारा टाकणार की सरळ, हे चेंडू हातातून सुटायच्या आधीच बॅटरला कळतंय, एवढं त्यावरून मला समजलं. कशावरून कळतंय, ते मला दिसलं नाही. मला चेंडू दिसतो. वेंडेलला पिचर दिसतो. तू काही तरी वेगळं करत असणार. शोध.

अर्लीन


क्लबचं हॉटेल, क्लीव्हलंड
२६ जुलै १९७१

प्रिय अर्लीन,

शोधतोय, पण सापडत नाही.

आधी मला वाटलं, कोणता चेंडू टाकायचा याच्या सॅल ज्या खुणा देतो त्याच ते चोरत असतील. मी त्याला खुणा बदलायला सांगितल्या. तो म्हणाला, "नऊ वर्षं मी याच बोटांनी खुणा देतोय. तू आलास महिन्यापूर्वी." शेवटी बदलल्या. मग मॅचमध्ये नव्या खुणा मीच विसरलो. त्याने वळणारा मागितला, मी सरळ टाकला. त्याच्या अंगठ्यावर बसला. आता तो माझ्याशी बोलत नाही, नुसता सुजलेला अंगठा दाखवतो.

मग टोपी पुढे ओढून बघितली. ओठ मिटून टाकून बघितलं. हॉटेलच्या खोलीत आरशासमोर उशी घेऊन टाकतो आणि डेलोरिस पलंगावर बसून बघते. काल म्हणाली, "तू वळणारा टाकताना दुःखी दिसतोस." मी म्हटलं, "सरळ टाकताना?" म्हणाली, "तेव्हाही."

मॅनेजरने काल बोलावलं. म्हणाला, "पोरा, तुझा हात चांगला आहे, पण मला धावफलकावर हात दिसत नाही, तू दिलेल्या धावा दिसतात." पंधरा ऑगस्टपर्यंत बघणार. त्यानंतर खाली.

एक विनंती आहे. मि. स्ट्राउडना विचारू नका. त्यांना माहीत असेल तर ते त्यांचं आहे. मी बुडालो तर जागा त्यांना आपोआप मिळते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गवतच कापत बसलो असतो.

गार्थ


हार्लन क्रीक
१ ऑगस्ट १९७१

प्रिय गार्थ,

मी विचारलं. तू नको म्हणाला होतास, तरी विचारलं. नवरा माझा आहे.

जेवताना म्हटलं, "तुला दिसलंय ते."

"दिसलंय."

"मग सांग."

त्याने काटा खाली ठेवला. म्हणाला, "अर्लीन, महिनाभरात माझा हात बरा होईल. तेव्हा ते विचार करतील, याला परत घ्यायचं की त्या पोराला ठेवायचं. तो नीट टाकत असेल तर छत्तीस वर्षांच्या माणसाला कोण घेईल? आणि मला दुसरं काय येतं? सांग ना. तुला काय येतं म्हणून कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

मला वाटलं होतं मला त्याचा राग येईल. आला नाही. अकरा वर्षं मी या माणसाचे चेंडू मोजले. पण तो घाबरलाय हे मला त्या जेवणाच्या टेबलापर्यंत कळलं नव्हतं. मी त्याच्या बशीत आणखी बटाटे वाढले. आणखी काय करणार?

तुला रिकाम्या हाती हे पत्र पाठवताना लाज वाटतेय. पण त्याच्यावर जबरदस्ती केली आणि त्याने सांगितलं, तर ते मी सांगितल्यासारखं होईल. ते मला नकोय. तुझ्यासाठीही नको आणि त्याच्यासाठी तर नकोच.

अर्लीन


हार्लन क्रीक
४ ऑगस्ट १९७१, जलद टपालाने

गार्थ,

आज सकाळी नाश्ता झाल्यावर वेंडेल म्हणाला, "कागद घे." मी घेतला. तो बोलला तसं लिहिते, एक शब्द बदललेला नाही.

"प्रिय गार्थ लिहू?" मी विचारलं. "नुसतं लिंडक्विस्ट लिही," म्हणाला.

लिंडक्विस्ट. तू डाव्या हाताचं एक बोट ग्लोव्हच्या बाहेर ठेवतोस. बरेच जण ठेवतात, त्याला हरकत नाही. सरळ टाकायचा असतो तेव्हा ते बोट ग्लोव्हवर आडवं पडलेलं असतं. वळणारा धरायला तू उजवा हात आत खुपसतोस, ग्लोव्ह फुगतो, आणि ते बोट उभं राहतं. शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर पहिल्या बाकावरचं कार्टं करतं तसं. अख्ख्या लीगला ते बोट दिसतंय आणि तू टोपी नीट करत बसला असशील. बोट आत घाल. आत घालून चैन पडत नसेल तर त्यावर चामड्याचा तुकडा शिवून घे, मॅक शिवून देतो. दोन दिवस विचित्र वाटेल. मग विसरशील. आणि उशी फेकू नकोस, खांदा बिघडतो.

एवढंच बोलला. उशीचं तुझं पत्र टेबलावरच होतं, त्याने वाचलं असणार. मी पाकीट बंद करत होते तेव्हा म्हणाला, "लवकर टाक. पंधरा तारखेला काय उरलंय." आणि गाडीची किल्ली स्वतः आणून दिली.

अर्लीन


क्लबचं हॉटेल, बोस्टन
१५ ऑगस्ट १९७१

प्रिय मि. स्ट्राउड, प्रिय अर्लीन,

पत्र सात तारखेला मिळालं. कपाटांच्या खोलीत उभ्यानेच वाचलं आणि आरशासमोर गेलो. ग्लोव्ह घातला, वळणारा धरला. बोट उभं. सात वर्षं ते तसंच उभं राहत असणार. खालच्या लीगमध्ये कुणाच्या लक्षात आलं नाही आणि मी मात्र समजत होतो की माझं नशीबच फुटकं आहे.

मॅकने तासाभरात चामडं शिवून दिलं. "कुणी सांगितलं?" म्हणाला. मी तुमचं नाव सांगितलं. त्याने दोरा तोडला, मग म्हणाला, "वेंडेलने? पैसे नकोत मग."

तेव्हापासून पाच मॅच. एकच धाव दिली. काल शेवटच्या, नवव्या डावात त्यांची दोन माणसं बेसवर असताना फोन आला आणि नाव माझं. वळणारा टाकला आणि पहिल्यांदाच बॅटर चुकीच्या चेंडूची वाट बघताना दिसला. त्या क्षणी काय वाटलं ते मला लिहिता येत नाही. आज पंधरा तारीख, मॅनेजरने बोलावलं नाही. सॅल बोलायला लागलाय, अंगठ्याची सूज उतरलीय.

मि. स्ट्राउड, तुम्ही हे कोणत्या परिस्थितीत सांगितलंत ते मला माहीत आहे. आभार हा शब्द फार लहान पडतो. तुमची पट्टी अजून जागेवर आहे. तुम्ही आलात तर मी माझी काढीन आणि काढताना मला वाईट वाटेल. तरीही तुम्ही यावंत असं वाटतं. हे दोन्ही खरं आहे.

हात कसा आहे?

गार्थ


हार्लन क्रीक
२९ ऑगस्ट १९७१

प्रिय गार्थ,

गुरुवारी सेंट लुईसला डॉक्टरांकडे गेलो होतो. हात आता गळ्यात नाही. डॉक्टरांनी त्याला मागच्या मोकळ्या जागेत टाकायला लावलं. पहिले दहा बरे गेले. मी कुंपणाशी उभी होते. अकराव्याला त्याचं कोपर थांबलं. म्हणजे हात पुढे गेला आणि कोपर आलंच नाही. त्याने आणखी तीन टाकले. मग चेंडू स्वतःच डॉक्टरांच्या हातात दिला. "झालं," म्हणाला. डॉक्टर काही तरी बोलत होते, पुढच्या वर्षी वगैरे. वेंडेलने त्यांचे आभार मानले आणि गाडीत बसला.

अर्धा रस्ता संपला. मग म्हणाला, "अर्लीन, तू त्याला पत्र लिहिशील ना?"

"लिहीन."

"मी सांगितलं तेव्हा मला वाटत होतं मी परत जाणार. चार तारखेला. तेव्हा मला खात्री होती."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे. त्याला नाही. त्याला वाटेल, म्हाताऱ्याला कळलं होतं की संपलंय, म्हणून उदार झाला. मी उदार वगैरे नव्हतो. मला ती जागा हवी होती. तरी सांगितलं. एवढं नीट लिही."

मी नीट लिहिलंय.

तो गाडी चालवत होता, म्हणून माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते बरंच झालं. गार्थ, मी त्याचे किती चांगले चेंडू लिहून ठेवलेत. पण त्याचं इतकं चांगलं मी कधी काही ऐकलं नव्हतं, आणि ते वहीच्या कुठल्याच चौकोनात बसत नाही. तुझं पत्र आलं नसतं तर मला ते कळलंच नसतं. म्हणून आभार मी मानते.

त्याची पट्टी आता काढ. तोच म्हणाला. म्हणाला, "डिंक ओल्या फडक्याने निघतो."

अर्लीन


फ्लोरिडा, सरावाचा तळ
२३ मार्च १९७२

प्रिय अर्लीन, प्रिय वेंडेल,

हिवाळ्यात एक नाताळचं कार्ड सोडून मी काही लिहिलं नाही. माफ करा. सीझन नीट संपला होता आणि नीट संपलेल्याबद्दल बोललं की ते बिघडतं असं मला वाटतं.

काल क्लबने मला सोडलं. दोन नवी पोरं आली आहेत, बावीस-तेवीस वर्षांची. चेंडू दिसतच नाही त्यांचा. मीही सोडलं असतं मला. मॅनेजर बोलायला चाचरत होता. मी म्हटलं, "थँक यू." तो म्हणाला, "कशाबद्दल?" मी म्हटलं, "दर वेळी फोनवर माझं नाव घेतलंत त्याबद्दल." त्याने टोपी काढली आणि डोकं खाजवलं. म्हणाला, "वीस वर्षांत या खोलीत मला शिव्या मिळाल्यात, खुर्ची फेकून मारलीय. हे पहिल्यांदा."

एकवीस मॅच झाल्या माझ्या. एवढीच माझी वरची लीग, मेजर लीग. काल रात्रभर मी त्यांची यादी मनात म्हणत होतो आणि डेलोरिस अंधारात म्हणाली, "मोठ्याने म्हण ना, मीही होते." मग मोठ्याने म्हटली. बाराव्या मॅचनंतर तिनेच सांगायला सुरुवात केली. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं.

मी दुःखी नाही असं नाही. पण बोट उभं ठेवून परत गेलो असतो, तर जन्मभर वाटत राहिलं असतं की मला येतच नव्हतं. मला येत होतं. ते मला माहीत आहे आणि ते तुमच्या घरातून आलं.

घरी मिनेसोटाला कोणतं काम मिळेल ते ठाऊक नाही. तीन एप्रिलला आम्ही गाडीने निघतो आणि रस्ता इलिनॉयमधूनच जातो. दारात पाच मिनिटं उभं राहून हात मिळवला तर चालेल का? अर्लीन, वेंडेलना विचारा. नको म्हणाले तर मी खरंच समजेन.

गार्थ


हार्लन क्रीक
२८ मार्च

लिंडक्विस्ट,

अर्लीन म्हणते हे मीच लिहायचं. अक्षर वाईट आहे, हात अजून पूर्ण वळत नाही.

ओहायो नदीचा पूल ओलांडलास की पहिल्या पेट्रोलपंपावर थांबू नकोस, चोर आहे. दुसऱ्यावर थांब. तिथून उत्तरेला अकरा मैल. नकाशात रस्ता सरळ दाखवलाय, पण पुढचा छोटा पूल पुरात गेलाय, तेव्हा चर्चपाशी डावीकडे वळ. कुत्रा गाडीमागे धावेल, चावत नाही. पांढरं घर, व्हरांडा एका बाजूला कललेला. तो मी नीट करणार आहे.

पाच मिनिटं कसली. दोन दिवसांचा प्रवास असतो, तुझी बायको थकलेली असेल. वरची खोली अर्लीनने काढून ठेवलीय. राहा.

मला दुसरं काय येतं ते मला अजून कळलेलं नाही. तुलाही कळलेलं नसणार. सकाळी बसून दोघं बघू. अंडी मी करतो.

वेंडेल